वॉर्डातील कामाची वाटणी
(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



परिचारिकेच्या व्यवसायावर मी चार शब्द बोलावेत अशी चालकांची इच्छा होती. या विषयावर बोलायला उभे राहिले की सेवा, त्याग, करुणा हे शब्द आपोआप तोंडी येतात. ते शब्द खोटे नाहीत. पण वॉर्डात तीस वर्षांहून अधिक काळ काढल्यावर मला असे वाटते की, करुणा असलेल्या मुली आपल्याकडे पुष्कळ आहेत. काम नीट वाटून देता येणाऱ्या मात्र कमी आहेत. म्हणून आज मी एका कोरड्या वाटणाऱ्या गोष्टीविषयीच बोलणार आहे. रुग्णाचा जीव धोक्यात असतो, हाताशी माणसे थोडी असतात, अशा वेळी स्टाफ नर्स आपले काम दुसऱ्याच्या हाती कसे देते आणि कसे द्यावे, हा तो विषय.

हे आता स्मरणिकेत छापले जात आहे. तेव्हा ज्यांना नर्स व्हावयाचे नाही तेही हे वाचतील. त्यांनाही ते उपयोगी पडेल अशी माझी समजूत आहे. कारण आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा आजारी माणसाच्या खाटेशी बसून सलाईनच्या बाटलीकडे पाहत रात्र काढलेली असते.

प्रथम वॉर्डात कोण कोण असते ते सांगते. बाहेरच्या माणसाला पांढऱ्या कपड्यातली प्रत्येक स्त्री 'सिस्टर' वाटते. सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्सला अधिपरिचारिका म्हणतात. तिच्यावर वॉर्डाची प्रमुख परिसेविका आणि त्याही वर अधिसेविका, म्हणजे आपली मेट्रन. खालच्या बाजूला कक्षसेवक, आया, सफाईगार. त्यांना आपण मामा आणि मावशी म्हणतो. जवळच नर्सिंग शाळा असेल तर शिकाऊ मुली येतात. आणि ज्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, पण जे रात्रंदिवस हजर असतात, ते म्हणजे रुग्णाचे नातेवाईक.

आता माणसांचा हिशेब पाहा. १९४६ च्या भोर समितीने नोंदवले होते की, त्या वेळी देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. तेथून आपण पुष्कळ पुढे आलो आहोत. इंडियन नर्सिंग कौन्सिलने सांगितलेले प्रमाण असे की, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका प्रत्येक पाळीत असावी. कागदावरचे हे प्रमाण आणि रात्रपाळीतला वॉर्ड यांत किती अंतर असते, हे मी आपणास सांगावयास नको. एका सिस्टरकडे तीस रुग्ण असलेल्या रात्री मी स्वतः काढल्या आहेत. अशा रात्री काम वाटून देणे ही सोय नसते, ती गरज असते. सगळे मीच करीन म्हणणारी सिस्टर पहाटेपर्यंत थकते आणि चूक पहाटेलाच होते.

पण वाटून देण्यातही चूक होते. ती कशी होते हे दुसऱ्याचे उदाहरण देऊन सांगणे सोपे आहे. मी माझेच सांगते.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. रुग्णालयाचे नाव घेत नाही. थंडीचे दिवस होते. स्त्रियांचा वॉर्ड आणि शेजारचा पुरुषांचा वॉर्ड, दोन्ही माझ्याकडे. एक बाई तासापूर्वी बाळंत झाली होती. सगळे सुरळीत होते, बाळ रडले होते, नातेवाईक पेढे आणायला सकाळची वाट पाहत होते. तेवढ्यात पुरुषांच्या वॉर्डात एका तरुण शेतकऱ्याला आणले. त्याने फवारणीचे औषध घेतले होते. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास घरघरता. ज्यांनी विदर्भात नोकरी केली त्यांना हे चित्र ठाऊक आहे. डॉक्टर धावत आले. अ‍ॅट्रोपीनची इंजेक्शने सुरू झाली आणि मी तेथे अडकले. जाताना मी वॉर्डातल्या मावशींना म्हणाले, "मावशी, त्या बाळंतिणीकडे जरा लक्ष ठेवा."

मावशी चांगल्या होत्या, कामसू होत्या. त्यांनी लक्ष ठेवले. तीनदा त्या खाटेजवळ गेल्या. बाई थंडीने कुडकुडते असे वाटून त्यांनी आपल्या हाताने तिच्या अंगावर दुसरे ब्लँकेट घातले. मी मध्येच एकदा दारातून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "झोपली जी सिस्टर, शांत झोपली."

तासाभराने मी परत आले तेव्हा बाईचा चेहरा कागदासारखा झाला होता. नाडी हाताला लागेना. ब्लँकेट बाजूला केले, तर गादीपर्यंत रक्त. ती झोपली नव्हती, ती बेशुद्धीकडे चालली होती. कुडकुडणे थंडीचे नव्हते. पुढची धावपळ सांगत नाही. पोट चोळून गर्भाशय आवळून आणले, दोन्ही हातांना सलाईन लावले, डॉक्टर आले, मिळेल त्या गाडीने तिला नागपूरला पाठवले. १०८ ची रुग्णवाहिका तेव्हा नव्हती. ती महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. बाई वाचली. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे आपला जीव टांगणीला राहणार नाही.

पण गोष्ट येथे संपली नाही. चौकशी झाली. मला विचारण्यात आले, "आपण आयाला लक्ष ठेवण्यास सांगितले होते काय?" मी म्हटले, "हो." ते खोटे नव्हते. मावशींना विचारले, "सांगितले होते काय?" त्याही "हो" म्हणाल्या. त्या रोजंदारीवर होत्या. पुढल्या महिन्यात त्यांचे नाव हजेरीत नव्हते. माझ्या वहीत एक शेराही पडला नाही. तेव्हा मी उठून म्हणावयास हवे होते की, या बाईला मी काय सांगितले ते तरी विचारा. मी गप्प राहिले. मला दोन लहान मुले होती, नोकरी नवी होती, ही कारणे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगितली.

आता त्या रात्रीची उकल करू. मी मावशींना काम दिले होते काय? नव्हते. 'लक्ष ठेवा' हे काम नव्हे. लक्ष कशाकडे ठेवायचे? चेहऱ्याकडे, की रक्ताकडे? किती वेळाने? काय दिसले म्हणजे मला हाक मारायची? यातले काहीही मी सांगितले नव्हते. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, गर्भाशयाचा घट्टपणा आणि रक्तस्राव पाहावयाचा असतो. पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की सैल, हे ओळखणे मावशींचे काम नव्हते; ते मी त्यांना देऊच शकत नव्हते. त्यासाठी दर पाव तासाने मला एक मिनिट तरी यावयास हवे होते, किंवा मी येऊ शकत नाही हे डॉक्टरांना स्पष्ट सांगून दुसरी सिस्टर बोलवावयास हवी होती. पण ब्लँकेट उचलून घडी पाहणे मावशींना निश्चित जमले असते. "मावशी, दर पंधरा मिनिटांनी पांघरूण उचला. घडी भिजलेली दिसली, किंवा बाई बोलेनाशी झाली, तर मी कोठेही असेन तेथे येऊन मला ओढून आणा." एवढे वाक्य म्हणायला दहा सेकंद लागतात. ते दहा सेकंद मी वाचवले.

या गोष्टीचे शास्त्र आहे. ते मला फार उशिरा वाचावयास मिळाले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९-६० च्या सुमारास परिचर्येवर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात एक प्रकरण किरकोळ वाटणाऱ्या व्यवस्थेवरच आहे. त्याचा मथितार्थ असा की, आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही झाले पाहिजे, ही व्यवस्था करणे म्हणजेच प्रमुख असणे. सर्व स्वतः करणारी प्रमुख नव्हे आणि नुसते हुकूम सोडणारीही नव्हे. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली ३८ परिचारिका घेऊन गेलेल्या बाईला हे कळले नसते तरच नवल.

पुढे १९९५ साली अमेरिकेतील परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने काम सोपवण्याच्या पाच कसोट्या मांडल्या. योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना आणि योग्य देखरेख. पाठ करायला पाच शब्द सोपे आहेत. आपल्या वॉर्डात त्यांचा अर्थ काय होतो, तो मी आपल्याकडच्या उदाहरणांनी सांगते.

योग्य काम आणि योग्य परिस्थिती या दोन कसोट्या जोडीने पाहाव्यात. अंग पुसणे, कूस बदलणे, स्थिर रुग्णाला जेवू घालणे, एक्स-रेला नेणे, लघवीची पिशवी मोजून रिकामी करणे ही कामे शिकवलेल्या सहायकाला देता येतात. रुग्णाची तपासणी करून निष्कर्ष काढणे, शिरेतून औषध देणे, रक्त चढवताना पिशवी आणि रुग्ण जुळवून पाहणे, ही कामे देता येत नाहीत. रक्तपेढीतून पिशवी आणायला मामा जाऊ शकतात. ती कोणाला लावायची हे मामांनी सांगायचे नाही, आणि लावल्यावर पहिली पंधरा मिनिटे सिस्टरने खाटेजवळून हलायचे नाही. पण हे कोष्टक दगडावरची रेघ नव्हे. म्हाताऱ्या आजोबांना पेज पाजणे हे साधे काम आहे. त्याच आजोबांना काल अर्धांगाचा झटका आला असेल आणि गिळताना ठसका लागत असेल, तर तीच पेज फुप्फुसात जाऊन जीव घेऊ शकते. म्हणजे काम तेच, परिस्थिती बदलली, आणि देता येण्याजोगे काम न देता येण्याजोगे झाले.

झटके येणाऱ्या गरोदर स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेट देतात, त्याचेही तसेच. पुढचा डोस देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. गुडघ्याला ठोकल्यावर पाय उडतो की नाही, श्वास मिनिटाला निदान सोळा आहेत की नाहीत आणि लघवी तासाला निदान तीस मिलिलिटर होते की नाही. लघवी मोजून कागदावर आकडा लिहिण्याचे काम शिकाऊ मुलीला द्या. पण त्या आकड्यावरून डोस द्यायचा की थांबवून डॉक्टरांना बोलवायचे, हा निर्णय सिस्टरनेच उभे राहून करावयाचा. आकडा आणण्याचे काम देता येते. आकड्याचा अर्थ लावण्याचे देता येत नाही.

योग्य सूचना या कसोटीसाठी मी साप चावल्याचे उदाहरण देते. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांतून, पावसाळ्यात ओलिताला गेलेली माणसे येतात. घोणस चावली असेल तर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते पाहण्याची परीक्षा अगदी साधी आहे. शिरेतून काढलेले दोन मिलिलिटर ताजे रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे आणि मग एकदाच वाकवून पाहायचे. रक्त गोठले नसेल तर विषाचा परिणाम झाला आहे असे समजायचे. या परीक्षेतली अर्धी कामे दुसऱ्यांच्या हातची असतात. नळी कोण आणते? मावशी. मावशींना नुसते 'स्वच्छ नळी आणा' म्हटले तर त्या प्रेमाने ती साबणाच्या पावडरीने धुऊन आणतील. आणि साबणाचा अंश राहिलेल्या नळीत चांगले रक्तही गोठत नाही! टेबलावरची नळी मध्येच कोणी उचलून पाहिली तरी परीक्षा बिघडते. म्हणून मी पुढे मावशींना कारणासकट सांगू लागले. "धुतलेली नको, डब्यातली नवी कोरडी नळी हवी, साबणाने रक्त फसवते." 'साबणाने रक्त फसवते' हे त्यांनी असे लक्षात ठेवले की, नव्या आलेल्या डॉक्टरांना त्याच सांगत असत. कारण सांगितले की माणूस हुकमाचा ताबेदार राहत नाही, कामाचा भागीदार होतो.

योग्य व्यक्ती कोण, हे हुद्द्यावरून ठरत नाही. आज कामावर आलेला मामा आणि वीस वर्षे शस्त्रक्रियागृहात काढलेला मामा एकच नव्हे. शिकाऊ मुलीला काम देताना, तू हे पूर्वी किती वेळा केलेस, असे विचारावे. आणि मुलींनो, तुम्हाला कोणी असे विचारले तर लाजून 'येते' म्हणू नका. 'पाहिले आहे, केले नाही' हे उत्तर देणारी मुलगी वॉर्डाला हवी असते. तसेच, न येणारे काम वरून आले तर नम्रपणे नाही म्हणण्याचा अधिकार सिस्टरला डॉक्टरांपुढेही आहे. जो अधिकार आपण वर मागतो, तो आपल्या खालच्या माणसालाही दिला पाहिजे. विष घेतलेल्या रुग्णाचे कपडे काढून अंग साबणाने धुण्याचे काम मामांना सांगताना हातमोजे आधी त्यांच्या हातात द्यावेत. ते विष कातडीतूनही शिरते. हातमोजे नसतील तर 'आधी मोजे आणा, मग धुतो' असे म्हणणारा मामा आळशी नव्हे, शहाणा आहे.

शेवटची कसोटी देखरेखीची. काम दिले म्हणजे ते डोक्यातून गेले, असे होत नाही. सांगितलेल्या वेळी स्वतः जाऊन पाहावे. माझी साधी पद्धत अशी झाली की, काम सांगताना चार गोष्टी सांगावयाच्या: कोणाचे, काय, केव्हा केव्हा, आणि काय दिसले तर मला हाक. मग म्हणावयाचे, "आता मला सांगा, काय करणार?" समोरच्याने आपल्या शब्दांत सांगितले की निम्म्या चुका तेथेच सापडतात. परत आल्यावर नुसते 'ठीक आहे ना?' विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी 'ठीक' असेच येते. "किती घड्या भिजल्या?" असे विचारावे.

आता नातेवाइकांविषयी. आपल्याकडे परदेशासारखे शिकवलेले सहायक प्रत्येक खाटेशी नाहीत. ती जागा घरची माणसे भरून काढतात. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजनचा मास्क सरळ करण्यापासून पालथे झोपवण्यापर्यंतची कामे किती ठिकाणी नातेवाइकांनी केली, हे आपण पाहिले आहे. 'सलाईन संपले की सांगा' असे सांगून आम्ही पुढच्या खाटेकडे जातो. नातेवाईक झोपला, लाजला किंवा सिस्टर रागावतील म्हणून उठला नाही, तर दोष त्याचा नव्हे. वाचकहो, आपणावर अशी वेळ आली तर तीन गोष्टी निःसंकोच विचारा. मी नेमके काय पाहू? काय दिसले तर बोलावू? आपण स्वतः पुन्हा केव्हा याल? चांगली सिस्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि सलाईनचा वेग आपण होऊन कमी-जास्त करू नका. ते काम आपणास कोणी दिले तरी घेऊ नका.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्यानंतर ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांत डॉक्टर होते, तशाच परिचारिकाही होत्या. त्या प्रकरणाचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. परंतु अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर विचारला जाणारा पहिला प्रश्न एकच असतो: त्या वेळी तेथे कोण होते, आणि ज्याने जागा सोडली त्याने ती कोणाच्या हाती दिली होती? तो प्रश्न विचारला जाण्यापूर्वी, रोज, प्रत्येक पाळीत, आपणच आपल्याला विचारावा. आणि माणसे अपुरी असतील तर तेही लेखी कळवावे. अपुऱ्या माणसांचा भार निमूटपणे वाहणे हा मोठेपणा नव्हे. तो भार शेवटी सर्वांत खालच्या माणसाच्या डोक्यावर पडतो.

पालकांना एक विनंती करते. आपली मुलगी नर्सिंगला जावी की नाही याचा विचार करताना रात्रपाळी, परगाव, लोक काय म्हणतील हे आपण पाहता, पाहावेच. पण हेही पाहा की, हा व्यवसाय मुलीला निर्णय करायला, माणसे ओळखायला आणि आपल्या शब्दाची जबाबदारी घ्यायला शिकवतो. येथून नागपूर साठेक किलोमीटर. शिकण्याची सोय जवळ आहे. शिकून परत काटोलच्या, कोंढाळीच्या, नरखेडच्या रुग्णांकडे याल, तर येथील खाटांना तुमची गरज आहे.

त्या मावशींचा मी पुढे शोध घेतला. सेवानिवृत्तीनंतर त्यांच्या गावी जाऊन आले. त्या थकल्या होत्या, पण त्यांनी मला ओळखले. मी जे सांगायला गेले होते ते सांगितले. त्यांनी थोडा वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाल्या, "ते बाई वाचली ना जी?" मी हो म्हटले. "मंग झालं," म्हणाल्या आणि सुनेला चहा ठेवायला सांगितले.

त्यांनी मला माफ केले असे मी समजत नाही, आणि आपणही समजू नये. काम दुसऱ्याच्या हाती देता येते. त्याचे उत्तर देण्याची वेळ आली की मात्र देणाऱ्याने पुढे यावयाचे असते. मी आले नाही. तुम्ही याल, या आशेने हे सांगितले.